व्यंगचित्रातील वाक्य ते मीमचा साचा : राळेगणसिद्धीच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :
अनुकरणाने पसरणाऱ्या सांस्कृतिक घटकासाठी 'मीम' ही संज्ञा रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ मध्ये योजिली. आज ती प्रामुख्याने इंटरनेटवरील विनोदी चित्रांसाठी रूढ आहे. वाक्याची चौकट कायम ठेवून एखादाच शब्द बदलत गेला, की त्याचा साचा बनतो. ही प्रक्रिया इंटरनेटबरोबरच जन्मली, या समजाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश होय.

पूर्वपीठिका :
१३ ऑगस्ट १९६० रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे 'मार्मिक' हे व्यंगचित्र साप्ताहिक सुरू झाले. त्यात 'वाचा आणि थंड बसा' या शीर्षकाखाली मुंबईतील आस्थापनांमधील अमराठी अधिकाऱ्यांच्या याद्या छापल्या जात. शीर्षक तेच, नावे नवी. पुढे 'थंड बसा'ऐवजी 'उठा' आले आणि उपरोधाचे आवाहनात रूपांतर झाले. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. मात्र यादीतील व्यक्तींना बाजू मांडण्यास त्या साच्यात जागा नव्हती, हेही नोंदविले पाहिजे.

राळेगणसिद्धी आणि २०११ चे आंदोलन :
पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांच्या लोकपाल आंदोलनात 'मैं अन्ना हूँ' असे लिहिलेली गांधी टोपी देशभर पोहोचली. नोव्हेंबर २०१२ मध्ये आम आदमी पक्ष स्थापन झाला. अण्णा त्या पक्षात गेले नाहीत. टोपी मात्र राहिली. तिच्यावरील 'अन्ना'ची जागा 'आम आदमी'ने घेतली.

याच आंदोलनाच्या काळात व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांनी राजमुद्रेतील सिंहांच्या जागी लांडगे रेखाटून 'सत्यमेव जयते'चे 'भ्रष्टमेव जयते' केले. सप्टेंबर २०१२ मध्ये मुंबईत त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. पुढे राज्य शासनाने तो आरोप मागे घेण्याचे ठरविले. १७ मार्च २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, कलम १२४-अ लावण्यापूर्वी पोलिसांनी कोणती दक्षता घ्यावी, हे स्पष्ट केले. दरम्यान १६ ऑक्टोबर २०१४ रोजी केंद्र शासनाने आपल्या कामगारविषयक कार्यक्रमास 'श्रमेव जयते' हे नाव दिले. राजमुद्रेच्या चित्रात केलेला बदल हा भेद मान्य करूनही, वाक्याचा साचा एकच होता. एका शब्दाने कोठडी दाखविली. दुसऱ्याला शासकीय प्रतिष्ठा लाभली.

निष्कर्ष :
१. वाक्याचा साचा बनण्याची प्रक्रिया मुद्रित माध्यमातही होती. इंटरनेटने तिचा वेग व विस्तार वाढविला.
२. साचा स्वतः तटस्थ असतो. त्याचा अर्थ भरलेल्या शब्दावर आणि तो भरणाऱ्याच्या सत्तेवर ठरतो.
३. साचा टिकतो, मूळ कर्ता व संदर्भ गळून पडतात. राळेगणच्या टोपीवरून राळेगणचेच नाव पुसले गेले, हे याचे बोलके उदाहरण होय.

म्हणूनच आंदोलनकाळातील टोप्या, पत्रके व मोबाइलवरील चित्रे कर्ता, स्थळ व दिनांक यांसह जतन करण्याचे काम जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हाती घेणे अगत्याचे आहे. अन्यथा उद्याच्या संशोधकाच्या हाती केवळ साचे उरतील, साधने नव्हेत.