व्यक्तिचित्राची विद्या : चित्रशाळेत आणि उघड्यावर

आपल्या जुन्या घरांतून, मग ते घर इंदूरच्या राजवाड्याजवळील असो, बडोद्याच्या दांडिया बाजारातील असो वा हैदराबादच्या सुलतान बाजारातील असो, दिवाणखान्याच्या भिंतीवर एखादी पिवळसर पडलेली तसबीर हमखास आढळते. खुर्चीवर ताठ बसलेले एक गृहस्थ. एक हात गुडघ्यावर, दुसरा शेजारच्या मेजावरील पुस्तकावर. मागे रंगविलेले खांब आणि पडदा. नजर अशी रोखलेली की, पाहणाऱ्यासच संकोच वाटावा. हे आमचे पणजोबा, असे घरातील वडीलधारी मंडळी सांगतात. पणजोबा इतके ताठ का बसले आहेत आणि त्यांच्या मस्तकावरील लाल पगडी चित्रात काळी का दिसते, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. या साध्या प्रश्नांची उत्तरे शोधू लागले म्हणजे एका विद्येचा इतिहास उलगडू लागतो. ती विद्या आपल्याकडे कोणी, कोठे व कशी संपादन केली, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करण्याचा आमचा हेतू आहे. ग्रंथांच्या व शिलालेखांच्या इतिहासाकडे आपण जितके लक्ष देतो, तितके या चेहऱ्यांच्या इतिहासाकडे दिलेले नाही, असे आम्हांस वाटते.

दागेर याच्या शोधाची कृती पॅरिस येथे १८३९ च्या ऑगस्टमध्ये प्रकट झाली. त्यानंतर पंधरा वर्षांतच, म्हणजे १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान एतद्देशीय गृहस्थ तिचे सभासद झाले. भाऊंचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतःच या कलेचे उत्तम जाणकार होते. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा एक वर्गच उघडण्यात आला. त्यातून शिकून बाहेर पडलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत व्यवसाय थाटला. व्यवसाय म्हणून ही कला पत्करणाऱ्या आद्य भारतीयांत त्यांची गणना होते. एक यंत्रविद्या परदेशात जन्मास येते आणि सोळा वर्षांत तिचे रीतसर शिक्षण आपल्या विद्यार्थ्यांस मिळू लागते, ही घटना शिक्षणाच्या इतिहासातही नोंदण्याजोगी आहे.

त्या काळी शिकावयाचे होते तरी काय? १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने प्रसिद्ध केलेली ओल्या काचेची पद्धती तेव्हा रूढ होत होती. स्वच्छ पुसलेल्या काचेवर कोलोडियनचा पातळ थर एकसारखा ओतावयाचा. अंधाऱ्या खोलीत ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाची. थर ओला आहे तोवरच ती कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि लगेच पुन्हा अंधारात जाऊन ते उमटवून पक्के करावयाचे. हा सारा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. वैशाखातील उन्हाळ्यात तर त्याहूनही कमी वेळाचा. थर वाळला की काच निरुपयोगी. पुढे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर, काचेखाली ठेवून, उन्हात प्रत काढावयाची. शिकाऊ विद्यार्थ्याची बोटे सिल्व्हर नायट्रेटने काळी पडत आणि ते डाग धुऊन जात नसत. या विद्येची दीक्षा घेतल्याची ती खूणच म्हणावयाची.

परंतु रसायन साधले म्हणजे व्यक्तिचित्र साधले असे नव्हे. खरी परीक्षा समोर बसलेल्या माणसाची असे. चित्रशाळा बहुधा वरच्या मजल्यावर असे व तिचे छप्पर उत्तरेच्या अंगास काचेचे केलेले असे. कारण उत्तरेचा प्रकाश दिवसभर सौम्य व सारखा राहतो. छपराखालील पडदे ओढून तो प्रकाश कमी-अधिक करावयाचा, आणि चेहऱ्याची जी बाजू छायेत राहील तिच्याकडे पांढऱ्या कापडाची चौकट उभी करून थोडा उजेड परत फेकावयाचा, हा पहिला धडा. दुसरा धडा स्थिरतेचा. काचेस प्रकाश कित्येक सेकंद द्यावा लागे. तेवढ्या वेळात मान किंचित हलली तरी चेहरा पुसट होई. म्हणून बसणाऱ्याच्या मानेमागे लोखंडी टेकू लावीत. जुन्या चित्रांत उभ्या माणसाच्या पावलांमागे त्या टेकूची बैठक कधी कधी डोकावते. आमच्या पणजोबांच्या ताठपणाचे बरेचसे श्रेय त्यांच्या करारी स्वभावापेक्षा या लोखंडाकडे जाते, हे वाचकांस रुचो वा न रुचो, मान्य करावे लागते.

तिसरा धडा रंगांचा होता आणि तो आपल्याकडे विशेष कठीण होता. त्या काचेस निळा व जांभळा प्रकाश चटकन दिसे. तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे निळे आकाश चित्रात पांढरे उतरे. उलट लाल पगडी, लाल शालू आणि कपाळावरचे कुंकू ही सारी काळी पडत. सवाशिणीचे कुंकू काळे दिसलेले पाहून घरच्या मंडळींस काय वाटत असेल, याची कल्पना करावी. त्यातच सावळ्या वर्णाच्या चेहऱ्यास अधिक वेळ प्रकाश द्यावा, तर पांढरे शुभ्र उपरणे व धोतर यांच्या चुण्या नाहीशा होऊन केवळ पांढरा पट्टा उरे. उपरण्यास जपावे, तर चेहरा अंधारात जाई. ज्या रसायनाची घडण परदेशी उजेडात झाली, त्याच्याकडून आपल्या माणसांचे काम करून घ्यावयाचे होते. यावर उपाय म्हणजे कपड्यांची निवड, प्रकाशाची दिशा आणि काचेवर पेन्सिलीने केलेली नाजूक दुरुस्ती. प्रतीवर जलरंग भरून हरवलेले कुंकू पुन्हा लाल करण्याची प्रथाही याच अडचणीतून बळावली असावी, असा आमचा तर्क आहे.

चित्रशाळेतून बाहेर पडावे तर अडचणी दुप्पट. ओल्या काचेची पद्धती म्हणजे अंधारी खोली बरोबर नेणे आले. तंबू, काचा, बाटल्या, पाणी आणि जड कॅमेरा बैलगाडीवर लादून छायाचित्रकार निघत असे. मुंबईच्या विल्यम जॉन्सन याने १८६३ व १८६६ साली दोन भागांत प्रसिद्ध केलेल्या मुंबईच्या रहिवाशांच्या चित्रसंग्रहात या अडचणीवर एक युक्ती योजलेली दिसते. माणसांची चित्रे एका काचेवर घ्यावयाची, पाठीमागील स्थळांची दुसऱ्या काचेवर, आणि कागदावर दोन्हींचा मेळ घालावयाचा. माणसे जणू उघड्यावर उभी आहेत असा भास होतो खरा. पण त्यांच्या अंगावरील प्रकाश एक सांगतो आणि मागील देखावा दुसरेच सांगतो. जाणत्या डोळ्यास तो विसंवाद लपत नाही.

उघड्यावरील व्यक्तिचित्राचा खरा धडा असा की, भर दुपारचे ऊन हे चेहऱ्याचे शत्रू आहे. सूर्य माथ्यावर असता डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो आणि नाकाखाली सावली पडते. म्हणून जाणते छायाचित्रकार माणसास उन्हातून काढून छायेत, परंतु उजेडाकडे तोंड करून बसवीत. आपल्या वाड्यांची ओसरी यासाठी जणू मुद्दाम बांधली असावी, इतकी सोयीची. वर छप्पर, एका अंगास मोकळा चौक, चौकातून येणारा तिरपा व मऊ प्रकाश. मागे एखादी चादर टांगली, खाली जाजम अंथरले, की चित्रशाळा तयार. १८७१ साली मॅडॉक्सने सुचविलेल्या जिलेटिनच्या कोरड्या काचा त्या दशकाच्या अखेरीस कारखान्यांतून मिळू लागल्या, तेव्हा अंधाऱ्या तंबूची गरज सरली, प्रकाश देण्याचा वेळ सेकंदाच्या आत आला आणि ही विद्या खऱ्या अर्थाने गावोगाव फिरू लागली.

या संक्रमणकाळाचा सर्वांत मोठा विद्यार्थी, आणि पुढे सर्वांत मोठा आचार्य, आपल्याच इंदूर-हैदराबाद परिसरात घडला, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे. लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळील सरधना येथे झाला. रुरकीच्या थॉमसन कॉलेजात स्थापत्याचे शिक्षण घेऊन १८६६ साली ते इंदूर येथे बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके तयार करण्याच्या कामावर रुजू झाले. छायाचित्रणाचा नाद त्यांस १८७४ च्या सुमारास लागला. दुसरे तुकोजीराव होळकर आणि तत्कालीन एजंट सर हेन्री डॅली यांचे उत्तेजन त्यांस लाभले. १८८२-८३ मध्ये सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी मध्य भारतातील वास्तूंची चित्रे घेतली. ग्वाल्हेर, सांची, ओर्छा इत्यादी स्थळांची ती चित्रे १८८६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दीनदयाळांनी आधी खांब, कमानी आणि त्यांवर सरकणारी उन्हे पाहिली, आणि पुढे तीच शिस्तीची नजर माणसांवर लावली. त्यांच्या दरबारी समूहचित्रांत पन्नास माणसे असली तरी रचना ढासळत नाही, याचे कारण आम्हांस त्यांच्या नकाशांच्या मेजावर सापडते.

१८८५ नंतर ते हैदराबादेस सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयास आले. सिकंदराबाद येथे १८८६ साली आणि मुंबईत १८९६ साली त्यांनी चित्रशाळा उघडल्या. पुढे व्हिक्टोरिया राणीची सनद त्यांस मिळाली, आणि निजामांनी त्यांस ‘राजा मुसव्विर जंग बहादूर’ हा किताब दिला. परंतु किताबांहून आम्हांस महत्त्वाचे वाटते ते त्यांनी १८९२ साली हैदराबादेत उघडलेले जनाना छायाचित्रगृह. उंच भिंतींच्या आत, पडद्यातील स्त्रियांसाठी चालविलेल्या या गृहाचा कारभार मिसेस केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंकडे सोपविलेला होता. कॅमेऱ्यामागे कोण उभे आहे यावर कॅमेऱ्यासमोर कोण बसेल हे ठरते, ही गोष्ट दीनदयाळांनी ओळखली होती. प्रकाश आणि रसायन यांच्या पलीकडचा हा धडा आहे : ज्याचे चित्र घ्यावयाचे त्याचा विश्वास आधी संपादन करावा लागतो.

तो विश्वास नसला म्हणजे काय होते, हे धुंडिराज गोविंद फाळके यांच्या चरित्रावरून दिसते. त्र्यंबकेश्वरच्या या तरुणाने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर १८९० साली बडोद्याच्या कलाभवनात प्रवेश घेतला आणि प्राचार्य गज्जर यांच्या मार्गदर्शनाखाली छायाचित्रणाचे पद्धतशीर अध्ययन केले. पुढे गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला. तेथे प्लेगात पत्नी व मूल गमावून ते बडोद्यास परतले. तेथे पुन्हा व्यवसाय मांडला, तर कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो व आयुष्य घटवितो, असा समज लोकांत पसरला आणि गिऱ्हाईक दुरावले. विद्या पूर्ण होती, साधने होती. समोर बसावयास माणूस नव्हता. हेच फाळके पुढे १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट घेऊन लोकांपुढे आले आणि ज्यांना स्थिर चित्राचे भय वाटत होते त्याच समाजाने हलती चित्रे पाहण्यास गर्दी केली, हा काळाचा महिमा.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेखनप्रपंच केला, तो मांडतो. राजा दीनदयाळ १९०५ साली निवर्तले. त्यांच्या चित्रशाळेतील २,८५७ काचा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या, आणि २००६ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्यांच्या चित्रांत निजामांच्या उमरावांची व्यक्तिचित्रे आहेत. तशीच १८९९-१९०० च्या दुष्काळाच्या सुमारास औरंगाबाद भागात चाललेल्या मदतकार्याचीही चित्रे आहेत. उमरावांची नावे आपणांस ठाऊक आहेत. अन्नासाठी रांगेने बसलेले ते लोक, जे बहुतांशी आपलीच भाषा बोलणारे असणार, त्यांच्या चित्राखाली केवळ ‘दुष्काळपीडित’ एवढेच उरते. जॉन्सनच्या संग्रहातही माणूस आपल्या नावाने येत नाही, जातीच्या नावाने येतो. प्रकाश दोघांवर सारखाच पडला, काच सारखीच होती. नाव मात्र एकासच मिळाले. नाव हरपले की व्यक्तिचित्राचे नमुन्यात रूपांतर होते.

राजदरबारांच्या काचा जपावयास मोठ्या संस्था आहेत. आपल्या घरांतील तसबिरींस मात्र आपल्यावाचून कोणी नाही. पणजोबा कोण, हे सांगणारी पिढी आज वृद्ध झाली आहे. तिच्यामागून ते पणजोबाही ‘एक मराठी गृहस्थ’ एवढेच होऊन राहतील. म्हणून अध्यापक बंधुभगिनींस व सभासदांस आमची विनंती आहे की, आपल्या विद्यार्थ्यांस एवढाच एक स्वाध्याय द्यावा : घरातील जुनी तसबीर आजीपुढे किंवा आजोबांपुढे ठेवावी, नाव, गाव, साधारण साल आणि ते चित्र कोणत्या शहरी काढले हे विचारावे, आणि तसबिरीच्या मागे, शाईने नव्हे तर मऊ पेन्सिलीने, कारण शाई कागदातून पुढे उतरते, ते लिहून ठेवावे. जेथे स्त्रीचे चित्र असेल तेथे ‘अमक्यांची पत्नी’ एवढ्यावर न थांबता तिचे स्वतःचे नाव अवश्य लिहावे. मागील खांब रंगविलेले आहेत की ओसरीचे खरे, कुंकू काळे आहे की मागाहून रंगविलेले, हेही विद्यार्थ्यांनी पाहावे. त्यावरून चित्राचा काळ व जागा यांचा अंदाज बांधता येतो. इतिहासाचे साधन कसे वाचावे, याचा याहून सुलभ पाठ आम्हांस ठाऊक नाही. आमच्या घरच्या तसबिरीवर आम्ही गेल्या दिवाळीत ते नाव लिहिले. सांगणारी आजी आज हयात नाही.