इन्स्टॉलर स्लाइडशो

इन्स्टॉलर स्लाइडशो म्हणजे एखादी संगणक संचालन प्रणाली किंवा मोठी आज्ञावली संगणकावर बसवली जात असताना पडद्यावर क्रमाने दाखवली जाणारी माहितीपर चित्रपृष्ठांची मालिका होय. फाइलींची नक्कल होत असताना वापरकर्त्याला करण्यासारखे फारसे काही नसते. या रिकाम्या वेळेत नव्या प्रणालीची ओळख करून देणे, तिच्यातील प्रमुख सोयी कोठे आहेत हे दाखवणे आणि अडचण आल्यास मदत कोठे मिळेल हे सांगणे, हा अशा मालिकेचा हेतू असतो. विंडोज ९५ पासून विंडोज एक्सपीपर्यंतच्या आवृत्त्या, तसेच उबुंटू व फेडोरा ही लिनक्स वितरणे यांच्या इन्स्टॉलेशनमध्ये ही पद्धत विविध रूपांत आढळते. इन्स्टॉलर तयार करण्याच्या साधनांत अशा चित्रांना 'बिलबोर्ड', म्हणजे जाहिरातफलक, असेही म्हटले जाते. प्रशिक्षण आणि जाहिरात यांच्यामधील या प्रकाराचे स्थान त्या नावातूनच सूचित होते.

पार्श्वभूमी

संगणकाच्या प्रतिसादास लागणारा वेळ आणि माणसाचे लक्ष यांचा संबंध १९६० च्या दशकापासून अभ्यासला गेला आहे. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये प्रतिसादकाळाविषयी केलेली मांडणी पुढे जेकब नील्सन यांनी लोकप्रिय केली. तिच्यानुसार सुमारे ०.१ सेकंदातील प्रतिसाद तात्काळ वाटतो, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकून राहते आणि १० सेकंदांनंतर वापरकर्त्याचे लक्ष दुसरीकडे वळू लागते. संचालन प्रणाली बसवण्यास यापेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो. त्यामुळे या काळात पडद्यावर काय दाखवावे, हा प्रश्न निर्माण होतो.

ब्रॅड मायर्स यांनी १९८५ मध्ये प्रगतिदर्शकांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. काम किती टक्के पूर्ण झाले आहे हे दिसत राहणे वापरकर्त्यांना पसंत असते, असे त्यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी डेव्हिड मेस्टर यांनी रांगेतील प्रतीक्षेच्या मानसशास्त्रावर लेखन केले. कशात तरी गुंतलेल्या माणसाला प्रतीक्षा कमी वाटते आणि अनिश्चित प्रतीक्षा निश्चित प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते, ही त्यांची दोन सूत्रे प्रसिद्ध आहेत. मेस्टर यांचे लेखन सेवाव्यवसायांतील रांगांविषयी असले, तरी इन्स्टॉलरच्या रचनेलाही ही सूत्रे लागू पडतात. चित्रपृष्ठे पहिल्या सूत्राशी, तर प्रगतिपट्टी दुसऱ्या सूत्राशी संबंधित आहे.

इतिहास

विंडोजमधील फलक

ऑगस्ट १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विंडोज ९५ च्या सेटअपमध्ये फाइलींची नक्कल होत असताना नव्या सोयींची ओळख करून देणारे फलक दिसत. फ्लॉपीवरील आवृत्ती १३ डिस्कची असल्याने ती बसवणाऱ्याला अधूनमधून डिस्क बदलावी लागे. सीडीवरून बसवणाऱ्याला मात्र दीर्घकाळ नुसते बसून राहावे लागे. विंडोज ९८ मध्ये आणि २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये पडद्याच्या एका बाजूस टप्प्यांची यादी व उरलेला अंदाजे वेळ, तर दुसऱ्या बाजूस माहितीचे फलक अशी विभागणी होती. एक्सपीच्या सेटअपमध्ये दिसणारा '३९ मिनिटे' हा अंदाज अनेक वापरकर्त्यांच्या स्मरणात राहिला आहे.

विंडोज व्हिस्टापासून आधीच तयार केलेली एकत्रित प्रतिमा डिस्कवर उलगडण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. त्या सेटअपमध्ये फलकांऐवजी टप्प्यांची साधी यादी दिसते. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये परिचयाचा भाग पहिल्या लॉगइनच्या वेळी आला. माउस पडद्याच्या कोपऱ्यात नेल्यास काय होते, हे तेथे एका छोट्या सचेतनपटातून दाखवले जाई.

प्रतीक्षेतील खेळ

वेळ घालवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे खेळ. कॅल्डेरा ओपनलिनक्स २.२ या १९९९ मधील वितरणाच्या 'लिझार्ड' नावाच्या आलेखी इन्स्टॉलरमध्ये पॅकेजेस बसत असताना टेट्रिससारखा खेळ खेळता येत असे. व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात नाम्को कंपनीच्या 'रिज रेसर' या खेळाच्या प्लेस्टेशन आवृत्तीत मुख्य खेळ लोड होत असताना 'गॅलॅक्सियन' हा जुना खेळ खेळता येई. मुख्य खेळ लोड होईपर्यंत दुय्यम खेळ उपलब्ध करून देण्याच्या या कल्पनेवर नाम्कोला १९९८ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. त्याची मुदत २०१५ मध्ये संपली.

खेळामुळे वेळ जातो, परंतु वापरकर्त्याला नव्या प्रणालीविषयी काही कळत नाही. माहितीची चित्रपृष्ठे या बाबतीत खेळापेक्षा वेगळी ठरतात.

उबुंटू

उबुंटूच्या जून २००६ मधील ६.०६ या आवृत्तीत 'युबिक्विटी' हा आलेखी इन्स्टॉलर आला. त्यामुळे सीडीवरून थेट चालणारी प्रणाली वापरून पाहता पाहताच ती संगणकावर बसवणे शक्य झाले. २००९-१० च्या सुमारास या इन्स्टॉलरला स्लाइडशोची जोड मिळाली. ऑक्टोबर २०१० मधील १०.१० या आवृत्तीत इन्स्टॉलरची फेररचना झाली. डिस्कची विभागणी निश्चित होताच फाइलींची नक्कल पार्श्वभूमीवर सुरू होई आणि त्याच वेळी वापरकर्त्याला स्थान, कळफलक, नाव व पासवर्ड विचारला जाई. प्रश्न संपल्यावर जो वेळ उरे, त्यात चित्रपृष्ठे दाखवली जात.

फेडोराच्या जानेवारी २०१३ मधील १८ व्या आवृत्तीत 'अ‍ॅनाकोंडा' या इन्स्टॉलरची पुनर्रचना झाली. तेथेही प्रशासकाचा पासवर्ड ठरवण्याचे काम पॅकेजेस बसत असतानाच करता येऊ लागले. प्रतीक्षेचा काही भाग आवश्यक कामासाठी वापरणे, हे या दोन्ही बदलांतील समान सूत्र होते.

रचना

युबिक्विटीचा स्लाइडशो स्वतंत्र पॅकेजच्या स्वरूपात ठेवण्यात आला. त्यातील प्रत्येक पृष्ठ हे एचटीएमएलमध्ये लिहिलेले साधे वेबपृष्ठ असून ते इन्स्टॉलरच्या चौकटीत वेबकिट या प्रदर्शकाद्वारे दिसे. या रचनेचे दोन लाभ होते. पहिला म्हणजे आज्ञावलीलेखन न येणाऱ्या स्वयंसेवकांनाही मजकूर व मांडणी यांत भर घालता येई. दुसरा म्हणजे कुबुंटू, झुबुंटू, लुबुंटू, एज्युबुंटू अशा भावंड वितरणांना मूळ इन्स्टॉलरला हात न लावता आपापली पृष्ठे जोडता येत.

अनेक लिनक्स वितरणांत वापरल्या जाणाऱ्या 'कॅलामारेस' या इन्स्टॉलरमध्ये हेच तत्त्व पुढे नेलेले दिसते. त्यात वितरणाचे नाव, रंग, बोधचिन्ह आणि स्लाइडशो हे सर्व एका वेगळ्या भागात ठेवले जाते. स्लाइडशो क्यूएमएल भाषेत लिहिता येतो किंवा नुसत्या चित्रांची यादी देऊनही तयार करता येतो. लुबुंटूने १८.१० या आवृत्तीपासून कॅलामारेस स्वीकारला.

आशय

उबुंटूच्या पृष्ठांचा क्रम साधारणपणे स्वागत, नव्या आज्ञावली मिळवण्याचे ठिकाण, छायाचित्रे, संगीत, वेब ब्राउझर, कार्यालयीन कामाची साधने, दिव्यांगांसाठीच्या सोयी आणि शेवटी मदत असा असे. विंडोजवरून आलेल्या नवशिक्याला पडणारे प्रश्न या क्रमात विचारात घेतलेले दिसतात. उदाहरणार्थ, त्याला आज्ञावली संकेतस्थळांवरून उतरवून घेण्याची सवय असते. लिनक्समध्ये ती सॉफ्टवेअर सेंटरसारख्या एकाच ठिकाणाहून मिळते, ही बाब कोणी सांगितल्याशिवाय त्याच्या सहज लक्षात येत नाही.

अशा पृष्ठांची उपयुक्तता प्रामुख्याने पुढील गोष्टींवर अवलंबून असते :

* एका पृष्ठावर एकच विषय व मोजकी वाक्ये असणे.
* आज्ञावलीचे नाव सांगण्याआधी तिने होणारे काम सांगणे. 'शॉटवेल' या नावापेक्षा 'छायाचित्रे लावून ठेवा' हे शब्द नवशिक्याला अधिक कळतात.
* मागील पृष्ठावर जाण्याची सोय असणे. पृष्ठ आपोआप बदलत असेल, तर सावकाश वाचणाऱ्याचा मजकूर अर्धवट राहतो.
* दाखवलेली चित्रे प्रत्यक्ष बसणाऱ्या आवृत्तीशी जुळणे.
* तीच माहिती नंतरही उपलब्ध असणे, कारण इन्स्टॉलेशन संपताच पृष्ठे दिसेनाशी होतात.

प्रगतीची विश्वासार्हता

चित्रपृष्ठे कितीही वाचनीय असली, तरी प्रगतिपट्टीवर विश्वास नसल्यास वापरकर्त्याचे लक्ष त्यांच्यावर टिकत नाही. इन्स्टॉलेशनमधील विविध टप्प्यांचा वेग सारखा नसतो. नक्कल करण्याचा वेग डिस्कवर, पॅकेजे जुळवण्याचा वेग प्रोसेसरवर आणि अद्यतने उतरवण्याचा वेग इंटरनेटवर अवलंबून असतो. त्यामुळे पट्टी काही काळ वेगाने सरकते आणि मग एका जागी थांबलेली दिसते. ख्रिस हॅरिसन व सहकाऱ्यांच्या २००७ मधील अभ्यासात शेवटाकडे वेग घेणारी पट्टी लोकांना अधिक जलद वाटली, तर शेवटाजवळ रेंगाळणारी पट्टी अधिक संथ वाटली.

थांबलेली पट्टी पाहून यंत्र अडकले असावे असा समज होतो. डिस्कवर लेखन चालू असताना संगणक बंद केल्यास प्रणाली अर्धवट बसते आणि चालू होत नाही. जुन्या प्रणालीच्या जागी नवी बसवली जात असेल, तर हातचा संगणकच काही काळ निकामी होतो. या दृष्टीने 'सध्या कोणता टप्पा चालू आहे' ही एक ओळ सजावटीच्या चित्रापेक्षा महत्त्वाची ठरते. युबिक्विटीमध्ये चित्रपृष्ठांखाली चालू टप्प्याचे नाव दिसे आणि बाण दाबल्यास तपशीलवार नोंदी उघडत. भाषासंच उतरवण्यास वेळ लागत असल्यास तो टप्पा वगळण्याचे बटणही दिलेले असे.

भाषांतर आणि मराठी

इन्स्टॉलर स्लाइडशो हा नव्या वापरकर्त्याने वाचलेला त्या प्रणालीतील पहिला सलग मजकूर असू शकतो. म्हणून त्याच्या भाषेला महत्त्व आहे. विंडोज एक्सपीसाठीचा मराठी इंटरफेस पॅक मूळ प्रणाली बसल्यानंतर स्वतंत्रपणे बसवावा लागे. त्यामुळे सेटअपचे फलक मराठीत दिसण्याचा प्रश्नच नव्हता. मुक्तस्रोत वितरणांत मात्र इन्स्टॉलेशनच्या आरंभीच भाषा निवडता येते.

देवनागरीसाठी ही वाट सोपी नव्हती. अक्षरांवर चालणाऱ्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये काना-मात्रा व जोडाक्षरे योग्य रीतीने दिसत नसत. डेबियनच्या एप्रिल २००७ मधील ४.० या आवृत्तीत आलेल्या आलेखी इन्स्टॉलरमुळे अशा जटिल लिपी दाखवणे शक्य झाले. डेबियनच्या इन्स्टॉलरमधील भाषांत मराठीचा समावेश आहे. उबुंटूचे भाषांतर लाँचपॅड या मंचावर स्वयंसेवक करतात. त्याच्या सुमारे ७०० मेगाबाइट क्षमतेच्या सीडीवर सर्व भाषांचे संपूर्ण संच मावत नसत. परिणामी मराठीसारखी भाषा निवडणाऱ्याला संच इंटरनेटवरून उतरवावा लागे आणि त्याची प्रतीक्षा इंग्रजी वापरकर्त्यापेक्षा वाढे.

चित्रपृष्ठांच्या भाषांतरात काही अडचणी वारंवार येतात. वाक्ये संदर्भाविना सुटी समोर येत असल्याने क्रियापद आज्ञार्थी आहे की वर्णनपर, हे भाषांतरकाराला कळत नाही. मराठी मजकूर इंग्रजीपेक्षा लांबल्यास चौकटीबाहेर जातो. मजकूर मराठीत आणि सोबतचे चित्र इंग्रजी पडद्याचे असल्यास वाचलेले नाव प्रत्यक्ष मेनूत सापडत नाही. म्हणून मेनूमधील शब्द व चित्रपृष्ठांतील शब्द यांत एकवाक्यता राखणे आवश्यक ठरते.

मर्यादा व टीका

या पद्धतीवर प्रामुख्याने तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, ती माहितीच्या नावाखाली उत्पादनाची किंवा सहयोगी सेवांची जाहिरात करते. दुसरा, वापरकर्ता पडद्यासमोर बसून राहतोच असे नाही. बरेच जण इन्स्टॉलेशन सुरू करून दुसऱ्या कामास लागतात. तिसरा, गरज पडण्याआधी सांगितलेली माहिती लक्षात राहत नाही. विंडोज ८ नंतरच्या ८.१ या आवृत्तीत कोपऱ्यांविषयीच्या सूचना प्रत्यक्ष वापराच्या वेळी दाखवण्यात आल्या आणि मदतीचे स्वतंत्र अ‍ॅपही देण्यात आले, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

याउलट मदत कोठे मिळेल ही माहिती मात्र आधीच देणे उपयुक्त असते. अडचण आल्यावर इंटरनेटची जोडणीही चालत नसेल, तर ती शोधण्याचा मार्ग उरत नाही.

सद्यस्थिती

एसएसडी, यूएसबी पेनड्राइव्ह आणि प्रतिमाधारित इन्स्टॉलेशन यांमुळे प्रतीक्षेचा वेळ पुष्कळ घटला आहे. त्यामुळे अनेक प्रणालींत परिचयाचा भाग पहिल्यांदा लॉगइन केल्यावर उघडणाऱ्या स्वागतपटात गेला आहे. तरीही ही पद्धत लोप पावलेली नाही. उबुंटूच्या २३.०४ या आवृत्तीपासून फ्लटरवर आधारित नवा इन्स्टॉलर आला असून त्यातही चित्रपृष्ठांना स्थान आहे. जुन्या यंत्रांवर आणि मंद इंटरनेट असलेल्या ठिकाणी इन्स्टॉलेशन आजही वेळखाऊ असते. एखाद्या शाळेतील किंवा घरातील जुना संगणक लिनक्सच्या साहाय्याने पुन्हा वापरात आणणारा नवशिक्या याच गटात मोडतो, आणि त्याच्याजवळ विचारण्यासाठी जाणकार व्यक्ती असेलच असे नाही.

हेही पहा

* उबुंटू
* डेबियन
* लिनक्स वितरण
* मुक्तस्रोत सॉफ्टवेअर
* मानव-संगणक संवाद