लिलो : अर्धवट उमटलेल्या शब्दाचे वाचन

तुटलेला शिलालेख वाचताना उरलेल्या अक्षरांवरून हरवलेल्या मजकुराचा अदमास घ्यावा लागतो. संगणकाच्या इतिहासातही असा एक तुटका लेख आहे. आजचा धागा त्याविषयी.

संगणक सुरू होताच बायोस डिस्कचा पहिला सेक्टर मेमरीत आणत असे. हा सेक्टर ५१२ बाइटांचा; त्यातही प्रोग्रॅमच्या वाट्याला येत ४४६. एवढ्याशा जागेत सविस्तर त्रुटिसंदेश मावणार कोठून? १९९०च्या दशकाच्या आरंभी वर्नर आल्मेसबर्गर यांनी लिनक्ससाठी ‘लिलो’ हा बूटलोडर लिहिला, तेव्हा त्यांनी काढलेली तोड विलक्षण होती. एकेक टप्पा पार पडेल तसतसे ‘एल-आय-एल-ओ’ यांतील एकेक अक्षर पडद्यावर उमटे. काम जेथे अडे, तेथेच शब्द तुटे.

काहीच उमटले नाही, तर लिलोपर्यंत हाक पोहोचलीच नाही. ‘एल’पुढे आकडे आले, तर दुसरा टप्पा डिस्कवरून वाचता आला नाही. ‘एल-आय’वर थबकले, तर तो टप्पा मेमरीत आला, पण चालला नाही.

मला हे ‘एल-आय’ सर्वांत बोलके वाटते. लिलोला फाइलसिस्टीम कळत नसे. आपला दुसरा टप्पा व कर्नल डिस्कवर नेमके कोठे आहेत, याचे पत्ते तो आधीच टिपून ठेवी. त्या फाइली हलल्या आणि ‘लिलो’ ही आज्ञा पुन्हा चालवायची राहिली, की पत्ते शिळे. गाव उठून गेलेले आणि पोस्टमनकडे जुनीच वही! (१९९५ मध्ये एरिक बोलिन यांनी सुरू केलेला ‘ग्रब’ फाइलसिस्टीम स्वतः वाचू लागला. २०१५ अखेर लिलोचा विकास थांबला.)

परंतु पत्ता चुकला म्हणजे घर पडले असे नव्हे. माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांनी वर्षानुवर्षे केलेली मोडी कागदांची लिप्यंतरे अशाच एका जुन्या यंत्रात अडकली होती. ‘डिस्क गेली, फॉरमॅट करावी लागेल,’ असा निर्वाळा दुरुस्ती करणाऱ्याने दिला होता. पडद्यावर दोनच अक्षरे होती : ‘एल-आय’. आम्ही सीडीवरून लिनक्स सुरू केले, डिस्कवरील पार्टिशन माउंट केले, ‘क्रूट’ने त्यात शिरून ‘लिलो’ पुन्हा चालविले आणि यंत्र नव्याने सुरू केले.

या वेळी चारही अक्षरे उमटली. सरांनी चष्मा पुसला आणि पहिली फाइल उघडली.