पटकीचें विष

पटकीच्या सांथीनें एके काळीं गांवेंच्या गांवें ओस पाडलीं. तिचा जंतु रॉबर्ट कॉख यांनीं १८८४ सालीं कलकत्त्यास निश्चित ओळखला. पण तो माणसाला मारतो कसा, हें सिद्ध होण्यास आणखी पाऊणशें वर्षें लागलीं.

तेंहि कलकत्त्यासच घडलें. डॉ. शंभुनाथ डे यांनीं सशाच्या आंतड्याचा तुकडा दोन्ही टोकांस दोऱ्यानें बांधून त्यांत जंतु सोडले. तो पाण्यानें तट्ट फुगला. १९५९ सालीं त्यांनीं जंतु वाढविलेला द्रव गाळून, जंतुरहित करून घातला. तरी तेंच झालें! म्हणजे जंतूनें बाहेर टाकलेलें विषच आंतड्यांत पाणी व क्षार ओतावयास लावतें, आणि रोगी मरतो तो शरीर कोरडें पडून. मीं वर्गांत शिकविलेल्या क्रमिक पुस्तकांत कॉख होते, डे नव्हते.

हें विष आंतड्याची एक शक्ति मात्र हिरावून घेत नाहीं: साखरेच्या जोडीनें मीठ शोषण्याची. १९७१ सालीं बनगांव येथें, पूर्व बंगालच्या निर्वासितांत पटकी उसळली व शिरेंतून द्यावयाचें सलाइन संपत आलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं लिटरभर पाण्यांत २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा कालवून तें रोग्यांस पाजविलें. मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ३० च्या आसपास होतें, तें ३.६ वर आलें. पिंपांतून पेल्यांत भरून तें पाजणारे पुष्कळदां रोग्यांचे नातेवाईकच असत.