दक्षणा आणि लंडनचा गायनोत्सव

लंडनच्या सेंट पॉल मंदिरांत इ. स. १६५५ त पदच्युत पाद्र्यांच्या निराधार कुटुंबांसाठीं प्रार्थना होऊन वर्गणी जमली. १६७८ त या कार्यास राजसनद मिळाली. पुढें तेथें पर्सेल, हॅंडेल यांच्या रचना गाइल्या गेल्या. तो वार्षिक गायनोत्सव अद्यापि होतो.

आपली श्रावणमासची दक्षणा याच जातीची. सेनापति खंडेराव दाभाड्यांनीं ती तळेगांवीं आरंभिली. त्यांचे पुत्र त्र्यंबकराव १७३१ त डभोईस बाजीरावांशीं लढतां पडले, आणि दक्षणा पेशव्यांनींच पुण्यास चालविली. इंग्रजी अमलांत तिच्यांतून १८२१ त पाठशाळा निघाली, १८५१ पासून मराठी ग्रंथांस बक्षिसें मिळूं लागलीं.

तिकडे मूळ हेतु टिकला, इकडे पालटला. म्हणून दक्षणेचे कागद तपासतांना घेणाराच्या नांवाबरोबर खर्चाचें कारणहि टिपावें.