ताणाचा मागोवा : चरख्यापासून शिडाच्या बोटीपर्यंत

शिडाच्या छोट्या बोटीत वारा पडला किंवा बंदरात शिरायची वेळ आली की डिझेल इंजिन सुरू होते. त्याच्या पुढच्या पुलीवरून एक रबरी पट्टा अल्टरनेटरकडे जातो. बोटीवरचे दिवे, रेडिओ, दिशादर्शक उपकरणे आणि बॅटरीवर चालणारे स्वयंचलित सुकाणू यांची वीज याच पट्ट्यावरून येते. तो ढिला असेल तर पुलीवर घसरतो, तापतो, काळी रबरी भुकटी सांडतो आणि बॅटऱ्या अर्धपोटी राहतात. फार आवळला तर अल्टरनेटरचे, आणि तोच पट्टा पाण्याचा पंप फिरवत असेल तर पंपाचेही, बेअरिंग खराब होते. कारखान्यातून येणारी व्यवस्था साधी असते. अल्टरनेटर खालच्या बोल्टभोवती झुलतो, वर कमानदार खाच असलेली पट्टी असते. एका हाताने पहार रेटून ताण धरायचा आणि दुसऱ्या हाताने पाना फिरवून बोल्ट आवळायचा. डोलणाऱ्या बोटीच्या अरुंद इंजिनकप्प्यात पहार शिरायलाच जागा नसते. म्हणून अनेक बोटमालक त्या पट्टीच्या जागी आटे पाडलेला एक दांडा बसवतात. तो फिरवला की अल्टरनेटर हळूहळू सरकतो आणि पट्टा हवा तितकाच ताणला जातो. घरच्या घरी बनणाऱ्या या दांड्यामागे दोन मोठ्या परंपरा आहेत. आपण त्यांचा माग काढू.

पहिली परंपरा पट्ट्याची. तिचा सर्वात जुना लेखी पुरावा चीनमध्ये सापडतो. हान काळातील विद्वान यांग श्योंग याने इ.स.पू. १५ च्या सुमारास बोलीशब्दांचा कोश रचला. त्यात रेशमाचा धागा कांडीवर गुंडाळणाऱ्या, पट्ट्याने फिरणाऱ्या यंत्राचा उल्लेख येतो. पुढे चाकाची गती दोरीने चातीकडे नेणारा चरखा आशियाभर पसरला. भारतातील त्याच्या सर्वात जुन्या स्पष्ट उल्लेखांपैकी एक आपल्या दख्खनेतलाच आहे. बहमनी राज्याच्या आरंभी, १३५० च्या सुमारास, कवी इसामीने रचलेल्या ‘फुतूह-उस-सलातीन’ या फारसी काव्यात चरखा येतो. हाच चरखा युरोपात पोहोचल्यावर तेथील कारागिरांनी त्यात एक भर घातली. चाती आणि बॉबिन ज्या लाकडी बैठकीवर बसतात, ती संपूर्ण बैठक एका लाकडी स्क्रूवर सरकेल अशी त्यांनी केली. मूठ फिरवली की बैठक चाकापासून दूर जाते आणि दोरी ताणली जाते. सूत कातणारी स्त्री काम न थांबवता दोरीचा ताण चिमटीने कमीजास्त करू शकत असे. अल्टरनेटरचा पट्टा ताणणाऱ्या स्क्रूचा हा विस्मृतीत गेलेला पूर्वज आहे.

घसरणे आणि धरून ठेवणे यांमागचे गणित मात्र बऱ्याच उशिरा मांडले गेले. अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर आणि त्यानंतर १८०८ मध्ये योहान आयटेलवाइन यांनी दाखवून दिले की, गोल खांबाभोवती गुंडाळलेल्या दोराची पकड वेढ्यांबरोबर बेरजेने वाढत नाही, ती गुणाकाराने वाढते. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर अर्ध्या वेढ्यात दोन टोकांच्या ताणांचे गुणोत्तर सुमारे अडीच होते. दोन पूर्ण वेढ्यांत ते ४३ वर जाते. धक्क्यावरच्या खुंट्याला दोर गुंडाळून गलबत एकट्याने थोपवणाऱ्या खलाशाला हे अनुभवाने ठाऊक होतेच. यंत्राच्या पट्ट्याला मात्र पुलीवर अर्ध्याच्या आसपासच वेढा मिळतो. म्हणून त्याची सारी मदार सुरुवातीला दिलेल्या ताणावर असते. १८२८ मध्ये अमेरिकेतील लोवेल येथे पॉल मूडी याने ॲपलटन गिरणीत लोखंडी दातेरी चाकांऐवजी चामडी पट्टे वापरले, आणि पुढील काळात गिरण्यांची छते फिरत्या दांड्यांनी व पट्ट्यांनी भरून गेली. मुंबईत कावसजी दावर यांची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली, तेव्हा जगभर हेच युग चालू होते. चामडे ताणून सैल पडले की पट्टा कापायचा आणि टोके वादीने पुन्हा शिवायची, घसरू लागला की राळ लावायची, हा त्या काळचा उपाय. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र विजेची मोटर आल्यावर ती सरकत्या रुळांवर बसू लागली आणि रुळाच्या टोकाला स्क्रू आला. चरख्याची युक्ती अशी लोखंडात परतली.

आता दुसऱ्या परंपरेकडे वळू. ती जहाजावरची आहे. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी तोलून धरणारे दोर शतकानुशतके तीन भोकांच्या लाकडी चकत्यांतून बारीक दोरी ओवून ताणले जात. १८३४ मध्ये जर्मनीतील हार्त्स डोंगरांतल्या खाणींसाठी विल्हेल्म आल्बर्ट यांनी लोखंडी तारांचा दोर बनवला. अशा तारदोरांनी जहाजांवर जागा घेतली, तेव्हा ताणाचे साधनही बदलले. तोवर हेन्री मॉडस्ली यांच्या लेथने १८०० च्या सुमारास एकसारखे आटे कापणे शक्य केले होते आणि १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्यांचे प्रमाण ठरवून दिले होते. त्यातूनच टर्नबकल घडले. त्याच्या एका टोकाला सुलटे आटे, दुसऱ्या टोकाला उलटे. मधला भाग फिरवला की दोन्ही टोके एकाच वेळी जवळ येतात किंवा दूर जातात. शिडाची बोट बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला हे साधन सवयीचे असते.

या दोन वाटा विसाव्या शतकात एकमेकींजवळ आल्या. १९१७ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे जॉन गेट्स यांनी रबर आणि सुताचा व्ही-आकाराचा पट्टा तयार केला. खाचेच्या दोन बाजूंत रुतल्यामुळे त्याची पकड सपाट पट्ट्यापेक्षा कितीतरी अधिक भरते, आणि मोटारींनी तो लगेच स्वीकारला. १९३३ मध्ये जपानच्या यानमारने लहान आकाराचे व्यवहार्य डिझेल इंजिन बाजारात आणले, आणि कालांतराने अशी इंजिने शिडाच्या बोटींत बसू लागली. १९६० मध्ये क्रायस्लरने आपल्या व्हॅलियंट गाडीत डायनामोऐवजी अल्टरनेटर दिला. बोटीवरच्या इंजिनाने मोटारीचा हा सरंजाम कमानदार खाचेसकट उचलला. जुन्या इंजिनांवरचे ३५ ते ५५ ॲम्पिअरचे अल्टरनेटर त्या खाचेवर निभावले. पुढे बोटीवर फ्रीज आणि संगणक आले आणि मालकांनी १०० ॲम्पिअरचे अल्टरनेटर बसवले. १४ व्होल्टला त्यातून १४०० वॅट वीज निघते; वाटेतले नुकसान धरले तर पट्ट्याला सुमारे साडेतीन अश्वशक्ती वाहावी लागते. इतक्या भाराला ताणातली थोडी ढिलाईही परवडत नाही.

इथेच घरच्या कारागिरीचा जन्म होतो. एम८ मापाचा पोलादी दांडा, दोन टोकांना वेगळ्या दिशेच्या आट्यांची रॉड-एंड बेअरिंगे, दोन चेकनट आणि इंजिनावरच्या आधीच असलेल्या बोल्टला धरणारे जाड पोलादी ब्रॅकेट, इतके साहित्य पुरते. एम८ च्या आट्याचे अंतर १.२५ मिलिमीटर असते. दोन्हीकडून फिरणारा दांडा एका फेऱ्यात २.५ मिलिमीटर सरकतो, म्हणून पाव फेऱ्याचाही हिशेब लागतो. पट्टा दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबला असता साधारण १० मिलिमीटर लवला म्हणजे ताण योग्य, हा नेहमीचा ठोकताळा. दांडा पट्ट्याच्याच प्रतलात हवा, नाहीतर अल्टरनेटर तिरका होतो आणि पट्टा एका कडेने झिजतो. स्टेनलेस आटे एकमेकांत रुतून बसतात, म्हणून त्यांना ग्रीस लावायचे. इंजिनाच्या हादऱ्यांनी दांडा आपोआप फिरू नये म्हणून दोन्ही चेकनट घट्ट करायचे. त्यातला एक उलट्या आट्यांचा असतो, हे ध्यानात ठेवायचे.

मोटारीच्या जगातही वाट बदललीच. अनेक गाड्यांना कारखान्यातूनच ताणाचा स्क्रू मिळू लागला, आणि १९७९ च्या फोर्ड मस्टँगपासून स्प्रिंगने आपोआप ताणणारा एकच लांब पट्टा रूढ झाला. जुन्या इंजिनाच्या बोटीला ती सोय मिळत नाही, पण गरज तिलाच जास्त असते. गोव्यातील दिवार बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीवरून दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. अशा सफरीत जमीन दिसेपर्यंत मेकॅनिक भेटत नाही. जे बिघडेल ते हाताशी असलेल्या साधनांनीच सुधारावे लागते. म्हणून या दांड्याला कामचलाऊ जुगाड म्हणणे मला मान्य नाही. पट्टा ताणण्याचे काम बळावर सोडू नये, ते मापाने करावे, ही समज कातणाऱ्या स्त्रियांकडे आणि शिडे तोलणाऱ्या खलाशांकडे फार पूर्वीपासून होती. इंजिन घडवणाऱ्यांनी ती मोटारीच्या ऐसपैस बॉनेटखाली काही काळ बाजूला ठेवली, आणि अडचणीच्या जागेत काम करणाऱ्यांनी ती परत आणली.