हवाई बेटांतील एक बिऱ्हाड (१८२०–१८२३)

महोत्सवाच्या या अंकात आपल्या धर्मग्रामाचा इतिहास इतर लेखक सांगतीलच. आम्ही मात्र वाचकांस पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांकडे नेऊ इच्छितो. धर्मकार्यासाठी अख्खे कुटुंब मुलाबाळांसह परमुलखात जाते तेव्हा काय घडते, याचे इतके बोलके उदाहरण आमच्या वाचनात दुसरे नाही. हे कुटुंब प्रॉटेस्टंट पंथाचे होते, ही गोष्ट आरंभीच सांगून टाकतो. आपल्या वाचकांनी तेवढ्यावरून पान उलटू नये.

डॅनियल चेंबरलेन हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानातले शेतकरी. पत्नी जेरुशा व पाच मुले असा त्यांचा संसार. १८१० साली स्थापन झालेल्या ज्या अमेरिकन मिशन मंडळाचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ साली आपल्या मुंबईस आले, त्याच मंडळाने २३ ऑक्टोबर १८१९ रोजी बोस्टन बंदरातून 'थॅडियस' नावाच्या लहानशा जहाजातून हवाईकडे पहिली तुकडी रवाना केली. तीत दोन उपदेशक, दोन शिक्षक, एक वैद्य, एक मुद्रक व एक शेतकरी असे सात गृहस्थ आपापल्या पत्नींसह होते. शिवाय अमेरिकेत राहिलेले चार हवाईयन तरुण. पहिली सहाही जोडपी नवपरिणीत. थर्स्टन व बिंगम यांची लग्ने तर निघण्यापूर्वी पंधरा दिवसांच्या आतच उरकली होती. लेकुरवाळे घर तेवढे चेंबरलेन यांचेच. केप हॉर्नला वळसा घालून पाच महिन्यांहून अधिक काळ ही पाच मुले त्या अरुंद जहाजात राहिली.

बेटांवर मोठी उलथापालथ नुकतीच होऊन गेली होती. महाराजा कामेहामेहा मे १८१९ मध्ये वारला आणि नोव्हेंबरात त्याचा पुत्र लिहोलिहो याने 'कापू' नावाचे प्राचीन निर्बंध मोडले. स्त्रीपुरुषांनी एका पंक्तीस जेवू नये हा त्यांतलाच एक होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रमुख सरदार कालानिमोकू याने एका फ्रेंच जहाजावरील धर्मगुरूच्या हस्ते ज्ञानस्नान घेतले होते. म्हणजे आपल्या पवित्र सभेची पावले तेथे आधीच उमटली होती. जहाज किनाऱ्यालगत होते तेव्हा, २ एप्रिल १८२० रोजी, प्रभूच्या पुनरुत्थानाचा रविवार होता. न्यू इंग्लंडच्या त्या कर्मठ मंडळीस सणाचे अगत्य नव्हते; पण शब्बाथ ती कडक पाळीत. दुसऱ्या दिवशी मात्र जहाजाच्या फळ्यांवर बसून बायकांनी राजघराण्यातील कालाकुआ राणीसाठी झगा शिवला. राजाने सर्वांस राहण्याची परवानगी दिली ती एका वर्षापुरती.

चेंबरलेन कुटुंब होनोलुलूस राहिले. गृहस्थाने शेती सुधारावी असा मंडळाचा हेतू. परंतु जमीन सारी राजाची व सरदारांची; खाजगी मालकीची व्यवस्था १८४८ साली सुरू झाली. शिवाय तेथील मुख्य पीक 'कालो', म्हणजे आपलेच अळू! पाट काढून, खाचरे बांधून त्याचे कंद पिकविण्यात ते लोक पिढ्यान्पिढ्या तरबेज होते. नांगर घेऊन आलेल्या परक्याने त्यांस काय शिकवावे? होनोलुलूत फळबागा लावणारा मारिन नावाचा एक स्पॅनिश कॅथलिक गृहस्थही पूर्वीपासून होताच. मुद्रकाचे काम मात्र फळास आले. ७ जानेवारी १८२२ रोजी हवाईयन भाषेतला पहिला कागद छापला गेला.

खरा पेच मुलांचा होता. बेटावर त्यांस शाळा नव्हती, आणि तेथील भाषा व चालीरीती मुलांच्या कानी पडू नयेत ही मिशनच्या आईबापांची मोठी धास्ती. लूसी थर्स्टन बाईंनी तर पुढे कैलुआस आपल्या मुलांसाठी अंगणाला वेगळे कुंपण घालून घेतले. ज्यांच्या उद्धारासाठी आलो त्यांच्याच बोलीपासून लेकरे दूर ठेवावयाची, ही विसंगती आम्हांस खटकते. त्या लोकांवर तो अन्यायच होता. तथापि आईबापांची काळजी खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. चेंबरलेन यांची प्रकृतीही ढासळली होती. मार्च १८२३ मध्ये साऱ्या कुटुंबाने परतीची वाट धरली. पुढच्याच महिन्यात नवी तुकडी येऊन पोहोचली.

कोणी म्हणेल, हे नांगरास हात घालून मागे पाहणे झाले. आम्हांस तसे वाटत नाही, आणि आम्ही तर संसार नसलेली माणसे. असा निवाडा देण्याचा अधिकार आम्हांस सर्वांत कमी. १८२७ साली आपले फादर बाशलो, फादर आर्मां व फादर शॉर्ट त्याच होनोलुलूस उतरले. १८३१ मध्ये बाशलो व शॉर्ट यांस सक्तीने जहाजावर चढविण्यात आले (यात प्रॉटेस्टंट मिशनच्या वजनाचा भाग होता, हे लपविण्यात अर्थ नाही), तेव्हा त्यांनी छळ सोसला तो स्वतःच्या जिवावर. बापाला स्वतःचा जीव देता येतो; लेकरांचा जीव त्याने कोणत्या हक्काने द्यावा? आपल्याकडचे गॉर्डन हॉलही याच पेचात सापडले. १८२५ साली त्यांनी पत्नी व मुले अमेरिकेस धाडली, स्वतः मागे राहिले, आणि २० मार्च १८२६ रोजी नाशिकच्या बाजूस पटकीने एकाकी वारले.

हवाईत जे टिकून राहिले त्यांनीही किंमत भरली. त्यांपैकी कित्येकांनी सात-आठ वर्षांची मुले परक्यांच्या हवाली करून त्याच केप हॉर्नच्या वाटेने अमेरिकेस पाठविली. पुन्हा भेट कित्येक वर्षांनी, कधी मुळीच नाही. अखेर १८४१ साली मिशनने पुनाहू येथे या मुलांसाठी शाळा काढली. चेंबरलेन परत फिरल्यास तेव्हा अठरा वर्षे झाली होती.